पूजाच्या पायांवरची सूज

११ ऑक्टोबर
पूजाच्या पायात चप्पल जात नाही. सकाळी माझी घातली, तीही दाटली. सातवा चालू आहे. सासूबाई म्हणाल्या, "सूज तं मलेही होती. चार लेकरं झाली." माझं एक झालं नि राहिलं नाही, तेव्हापासून बाळंतपणाचं मी काही बोलले की घरात सगळे दुसरीकडे पाहतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण...

१३ ऑक्टोबर
सोयाबीन काढणं सुरू. सगळे शेतात, घरी आम्ही दोघी जावाच. भाकरी थापता थापता पूजा थांबली. "ताई, डोकं लय ठणकून राह्यलं. डोयापुढं काजवे चमकते."
आशाताईंना फोन केला. दवाखान्याच्या आशा सेविका, गावातल्याच, लगेच आल्या. आजच दवाखान्यात चला म्हणाल्या, बीपी पाहू. तेवढ्यात सासूबाई आल्या. "उद्या डोहाळजेवण हाये. बाया सांगून झाल्या. परवा न्या." पूजाच्या नवऱ्याला, विनोदभाऊजींना, पुण्याला फोन लावला, ते म्हणाले आई म्हणते तसं करा. पूजाही म्हणे, उद्याचा दिवस निघू द्या ताई.


१४ ऑक्टोबर, अकोला
दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. घरी थांबले असते तर असं बसवलं नसतं.
बाया जमल्या, बुद्धवंदना झाली. पूजा हिरव्या साडीत पाटावर. तोंड इतकं सुजलेलं, आणि शेजारीण म्हणते, पोरीले तेज आलं. पूजानं माझा पदर ओढला. "ताई, तुमी मले दोन-दोन दिसून राह्यल्या."
मी ताट सरकवलं. उठ म्हटलं.
"भरल्या ताटावरून उठवतं काहून तिले?" सासूबाई.
"मंग बोला मले काय बोलायचं ते. मी घेऊन चालली."
समोरच्या दुकानातल्या रफिकभाईंनी काही न विचारता व्हॅन काढली. निघताना पाहते तर सासूबाई मागच्या सीटवर. अनवाणीच.
गावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बीपी पाहिलं, इंजेक्शन दिलं, अँब्युलन्स बोलावली. अकोल्याशिवाय इलाज नाही म्हणाल्या. पातूरच्या पुढे पूजाला झटका आला. अंग ताठ, तोंडाला फेस. सोबतच्या नर्सबाईंनी तिला कुशीवर वळवलं. सासूबाई नुसत्या "माह्या पोरी, माह्या पोरी". सुनेला पोरी म्हणताना आज पहिल्यांदा ऐकलं.
आत नेलंय. दार बंद.

१५ ऑक्टोबर
आई वाचवायची तर बाळ आत्ताच काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. दोघांपैकी कोणाचीच खात्री देता येत नाही. भाऊजी अजून वाटेत. सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "इले इचारा. मले काई समजत नाही."
मी हो म्हटलं.
मुलगी झाली. कपड्यात गुंडाळून नेली तेव्हा आत कोणी आहे असं वाटलंच नाही. लगेच काचेच्या पेटीत ठेवली. पूजा शुद्धीवर नाही.

१६ ऑक्टोबर
भाऊजी पोचले. काचेपुढे उभे राहिले ते हलेनात. मला म्हणाले, "वहिनी, मी म्हटलं होतं आई म्हणते तसं..." चहा आणून दिला, तो तसाच गार.
पूजा दुपारी कण्हली. नर्सबाई म्हणाल्या, चांगलं आहे.

१७ ऑक्टोबर
पूजा शुद्धीवर आली. पहिलं बाळाचं विचारलं. मोबाइलवर फोटो दाखवला. तिनं डोळ्यांशी धरला, लांब केला, पुन्हा जवळ आणला.
"ताई, सारं धुरकट दिसते."
डॉक्टरांना बोलावलं. नजर बहुतेक परत येईल म्हणाले. बहुतेक. बाळाचं विचारलं तर म्हणाले, आज काही सांगत नाही.
त्यांची पाठ वळल्यावर पूजानं माझा हात धरला. "तुमीच सांगा, कशी हाये?"
सांगू लागले. केस दाट, काळेभोर. बोटं लांब. हनुवटी तुझीच. छाती कशी भात्यासारखी उडते ते सांगितलं नाही. सासूबाई पायथ्याशी खाली मान घालून.
थांबले तर पूजा म्हणाली, "आनखी सांगा."