गळा आवळणारा रबरी सूट

घरच्या सरकारांस, लांबून सप्रेम नमस्कार.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? नात शाळेत जाताना अजून रडते का?

बोटींचे तळ खरवडायला पाण्यात उतरतो, त्यासाठी रबरी सूट मिळालाय. त्याची किळस सांगवत नाही. आत अस्तर नाही. उघडा, स्पंजासारखा रबर जळूसारखा अंगाला चिकटतो. मी शहाणपणाने पावडर फासली, तर तिचा चिखल झाला. आता आत साबणाचं कोमट पाणी ओतायचं आणि रबर फाटू नये म्हणून नखं न लावता सरकत शिरायचं. माशाच्या आतड्यात चाललोय असं वाटतं. शिवाय हा सूट आधी दुसऱ्याचा होता, आणि पाण्याखाली सगळे त्यातच मुततात. कितीही धुतला तरी वास जात नाही.

तेही सोसलं असतं, पण सूटचा गळा मानेला आवळायचा. परवा बोटीखाली डोळ्यांपुढे अंधारी आली, तसा वर आलो. आता ठीक आहे, म्हणूनच लिहितोय. मुकादम म्हणाला, "काका, वापरून सैल होईल."

म्हटलं, "तोवर मीच सैल होईन. गळा नीट झाल्याशिवाय मी उतरत नाही."

त्याने तोंड वाकडं करून कात्री दिली. तू ब्लाउजचा गळा जरासा कापून पुन्हा घालून बघतेस, तसंच केलं. आज पाण्यात मान वळली, श्वास पुरला.

संध्याकाळी मुकादमाने त्याचा सूट माझ्यापुढे टाकला. "काका, माझाही गळा बघा."

मी नाक धरून म्हटलं, "आधी धुऊन आण."

गुडघ्याला शेकत जा.

तुझाच,
घरी येताना दारातच आंघोळ करणारा