सूनबाईची बंदूक

ब्राउनश्वाइग, शनिवार, ऑक्टोबर २००६

आज चक्क बंदुकीच्या दुकानात जाऊन आले.

सूनबाईला काउबॉयच्या खेळात उतरायचंय. टोपी-बूट घालून लोखंडी पाट्यांवर गोळ्या मारतात इथं, म्हातारे जर्मनसुद्धा! त्यासाठी तिला पहिली बंदूक घ्यायची, एका वेळी एकच गोळी बसणारी. ती लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवायचा कायदा, आणि कपाटाला मोकळी जागा माझ्याच खोलीत, बुद्धांच्या मूर्तीशेजारी. मी रोज पंचशील म्हणणारी बाई. नाही म्हणायलाच दुकानात गेले.

तिथं नुसता घोळ. मुलगा म्हणे, "मनीषा, हलकी घे." दुकानदार म्हणे, हलकी खांद्याला जोरात धक्का देते.

"आई, तुम्हीच बघा ना उचलून," मनीषा म्हणाली.

"त्यात काय बघायचं? आण इकडं."

चांगली जड होती. खांद्याला लावली. भिंतीवर हरणाचं पेंढा भरलेलं मुंडकं होतं, त्याच्यावर एक डोळा मिटून नेम धरला. कुणी शिकवलं मला? बोट आपोआप चापावर गेलं. "नाइन! नाइन!" दुकानदार जर्मनमधे ओरडला, म्हणजे नाही, नाही! बंदूक रिकामी होती, तरी मी ती चटकन खाली ठेवली. हरणाच्या दोन डोळ्यांच्या बरोबर मधे धरला होता की नेम!

"जडच घे," मी म्हटलं. "पण कपाट तुमच्या खोलीत. पलंग सरकवा."

मनीषाचं तोंड एवढंसं झालं. "आई, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे गं. माझ्यावर नाही. किल्ली कुठं ठेवतेस, तेवढं मला सांगू नकोस."

मुलगा खो खो हसला. मी गंमत करत नव्हते.