मोटारीच्या केबलवरचं होम थिएटर आणि साळूबाईची खोली

मी, हौसराव ज्ञानदेव जगताप, वय एकाहत्तर, राहणार मांडवगण फराटा, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, बुद्धी शाबूत असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर जबरदस्ती करू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, माझी पत्नी साळूबाई, आणि तिला हे अजून वाचून दाखवलेले नाही.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. रांजणगावच्या कारखान्यात बावीस वर्षे पॅकिंगला उभा राहून ते बांधले. माझ्या पश्चात ते मुलगा सत्यजीत यास मिळावे. तो आईला पुण्याच्या फ्लॅटवर न्यायचे म्हणतो. त्याची माया खरी आहे. ~~तरी साळूबाईने तहहयात याच घरात, पुढच्या खोलीत राहावे.~~ (खोडले. सही: हौ. ज्ञा. जगताप)

कारण लिहितो. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिची नजर गेली. टीव्हीतली सगळी माणसे एकाच कोपऱ्यातून बोलतात, म्हणून ती वैतागायची. सून मोनाली म्हणाली, "मामा, पाच स्पीकरचं घेऊ. कोण कुठनं बोलतंय ते आत्यांना कळंल."

२. ते होम थिएटर, वूफर व भिंतीच्या स्टँडसह, मोनालीच्या मालकीचे राहील. यवतच्या दुकानदाराने सोनेरी पिनांची जाडजूड वायर पुढ्यात टाकली होती. मोनालीने तिचे टोक निरखले आणि माझ्या कानाशी आली. "बोअरच्या मोटारीची केबल उरलीया की, मामा. ती बी तांब्याचीच हाय." दुकानदाराने ऐकले आणि तो हसला. आम्ही स्टँड आणि स्पाइक गार्ड घेऊन उठलो. केबल मी स्वतः पुढच्या खोलीच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पट्टीतून ओढली, आवाजात घरघर येऊ नये म्हणून लाइटच्या वायरीपासून हातभर लांब.

चालू केल्यावर मी मिशीला पीळ दिला. साळूबाई म्हणाली, "ही बाई भिंतीच्या आत बसून बोलतीया. डाव्या डब्याचं काय तरी उलटं झालंय." मी तिला वेड्यात काढले. मोनालीने उठून पाहिले, तर खरोखरच डाव्या स्पीकरची दोन टोके उलटी. मोटारीला टोके कशीही जोडावीत, उलटी फिरली की दोन बदलावीत, ही आम्हा शेतकऱ्यांची रीत. स्पीकर उलटा फिरताना दिसत नाही, हे मला कोण सांगणार? टोके बदलली आणि बाई बरोबर टीव्हीतून बोलू लागली. त्या दिवशी साळूबाई सहा महिन्यांनी हसली. मोनालीचे हे उपकार माझ्याकडून फिटणार नाहीत.

३. टेस्टर, पक्कड आणि ड्रिलही मोनालीलाच. सत्यजीतला स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे कळत नाही.

४. शेजारी म्हस्कू याने पुतण्याच्या हळदीला वूफर नेला, डीजेच्या मशीनला जोडला आणि गुपचूप ओट्यावर ठेवून गेला. मी नवा कोन बसवून घेतला, पण त्यातला फाटलेला कागदी कोन जपून ठेवला आहे, तो म्हस्कूस द्यावा. राग आता नाही. साळूबाईच्या पोटाच्या ऑपरेशनला रक्त द्यायला पहिला तोच आला होता.

५. आज सकाळी हे सर्व साळूबाईला वाचून दाखवले. म्हस्कूच्या कलमाला ती हसली, मग पहिले कलम तिने पुन्हा वाचायला लावले.

"तुमी हाय तवर ही खोली बरी वाटती," ती म्हणाली. "तुमी नसताना कशी वाटंल, ते मलाच ठावं न्हाई. तुमाला कुठनं ठावं? मी कुठं ऱ्हायचं ते मला ठरवू द्या."

बेचाळीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेले मला आठवत नाही. मला लाज वाटली, आणि तिने मागितले याचा आनंदही झाला. म्हणून कलम एकमधील ओळ मी माझ्या हाताने खोडली आहे. त्याऐवजी असे वाचावे: साळूबाई कुठे राहील, हे साळूबाई ठरवील. तिने कितीदाही मन बदलले, तरी कोणी तिला कारण विचारू नये.

लिहून देणार: हौसराव ज्ञानदेव जगताप (सही)

साक्षीदार:
१. पोपटराव बाबुराव ढमे, मांडवगण फराटा (सही)
२. सुदर्शन किसन कोळपे, मांडवगण फराटा (सही)

ठिकाण: मांडवगण फराटा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५