अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ये

बानी,
गुरुवार, १३ मार्च

चि. फाउस्तो,

आशीर्वाद. तू धाकटा आहेस म्हणून लिहिला, मनातून आला असं समजू नकोस.

इकडे सगळं ठीक. आंब्याला मोहर बरा आलाय, वारा सुटला नाही तर फळ धरेल. आईच्या थडग्यावरचा क्रूस वाकला होता, तो मी सिमेंट लावून सरळ करून घेतला. तू करणार होतास म्हणे. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस लागले, राजम्याची गोड खीर दोनदा झाली, शेजारीपाजारी वाट्या पोचल्या. तुझ्या घरी यंदाही पाठवली नाही. मिरेयाला सांग, तिच्यावर माझा राग नाही. थोडा आहे. तो पुढे लिहिते.

चौथीनंतर मी वहीला हात लावलेला नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोन केला की तू मध्येच बोलतोस आणि मी ठेवून देते. मोबाइलवर बोलून पाठवलं तर तू ते तुझ्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवशील. म्हणून कागद. बसवाल्या चिचीच्या हाती देतेय. पिशवीत तुमच्या बेसबॉल क्लबचं जाकीट आहे, तुझा तो साहेब माझ्या खुर्चीवर ठेवून गेला होता ते. आमच्याकडच्या उन्हात जाकीट! कुणाला तरी विचारून तरी आणायचं.

त्या शनिवारबद्दल मी लिहिणार नव्हते. पण लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

तू सात वर्षांनी माझ्या दारात आलास. सोबत केक, आणि सोबत तुमचा तो अमेरिकन साहेब, मिस्टर ट्रेंट, उकडलेल्या कोळंबीसारखा गुलाबी. मी म्हटलं, आलाय तर आलाय, भाऊ आहे. खीर वाढली. साहेबाने दोन वाट्या खाल्ल्या आणि हसत बसला. आणि तू सुरू झालास.

"ताई, आमचा क्लब गरीब. न्यूयॉर्कवाल्यांसारखा आमच्याकडे पैसा नाही. आमच्याकडे डोळे आहेत."

किती वेळा ऐकलंय मी हे! एका महागड्या पोराच्या पैशात आम्ही वीस उचलतो, त्यातले दोन निघाले तरी पुरे. दुसऱ्यांनी टाकलेला म्हातारा पिचर घेतो, एक वर्ष पिळतो. खेळाडू महाग व्हायला आला की दुसऱ्याला देतो आणि त्याच्या बदल्यात तीन कोवळे आणतो. तू हे सांगताना तुझी छाती अशी फुगते, जसं काही तू चर्च बांधतोयस.

मी पण हेच करते, फाउस्तो. संध्याकाळी बाजार उठताना काळी पडलेली केळी निम्म्या भावात उचलते, तळते, सकाळी गाड्यावर विकते. लोक बोटं चाटतात. पण केळ्याला घरी आई नसते.

आणि बाकीच्या अठरांचं काय होतं ते तू बघत नाहीस, मी बघते. चौकातला मोटरसायकलवाला पपितो तुझ्याच विसांतला. खांदा तुमच्याकडे फाटला, आता लोकांना मागे बसवून बसस्टँडवर सोडतो. तुमची टोपी अजून घालतो. मी म्हटलं, फेक ती. म्हणतो, "मावशी, ऊन लागतं."

असो. तू कागद काढलास. आठ वर्षांचा करार. माझा पोरगा विल्किन अजून तुमच्याच खालच्या लीगमधल्या टीममध्ये आहे, मोठ्या लीगच्या मैदानावर त्याने एकही चेंडू अडवलेला नाही, आणि आत्ताच त्याची पुढची आठ वर्षं बांधून घ्यायची. का, तर दोन वर्षांनी तो खरा केवढ्याला जाईल ते तुम्हाला ठाऊक आहे. माहीत असूनच स्वस्तात मागताय.

"सही केली तर पहिल्याच सामन्याला मोठ्या टीममध्ये," तू म्हणालास.

"आणि नाही केली तर?"

"तर थोडे महिने खाली. त्याचा थ्रो जरा सुधारायला हवा ना, ताई."

"त्याचा थ्रो? अरे, मागच्या महिन्यात तूच टीव्हीवर म्हणालास की या बेटावर असा हात दुसरा नाही!"

तू साहेबाकडे बघितलंस. साहेब हसला. त्याला काही कळलं नव्हतं, तरी हसला.

मग तू विल्किनच्या एजंटला शिव्या घातल्यास. तो पोराला सही करू नको म्हणून भरीला घालतो, पण पोर शेवटी एजंटचं नाही, आईचं ऐकेल, आई शहाणी आहे. म्हणजे तुमच्या क्लबला कळलंय तर, की या देशातल्या पोरांच्या सह्या आयांच्या स्वयंपाकघरात होतात. एजंटला वगळून साहेबाला आईकडे येता येत नाही, नियमात बसत नाही. पण मामा येऊ शकतो. मामा केक घेऊन येऊ शकतो, आणि मामासोबत एखादा पाहुणा असला तर त्याला कोण अडवणार?

एक गोष्ट मी मान्य करते. तू म्हणालास, "उद्या गुडघा गेला तर? मग पपितोच्या शेजारी दुसरी मोटरसायकल लावायची का?" ते खरं आहे. ती भीती मला रोज असते, भाजी चिरताना असते. तू खरं बोललास म्हणूनच मला जास्त किळस आली. खोटं बोलला असतास तर झाडू घेतला असता आणि मोकळी झाले असते.

सात वर्षांपूर्वीही तू असाच बसला होतास. पोर सोळाचं. ठरलेली रक्कम अर्ध्यावर आणलीस, का, तर फोटोत कोपरात काहीतरी दिसतंय. डॉक्टरने काळा कागद उजेडात धरला, तू मान हलवलीस. ते कोपर आजपर्यंत एक दिवस दुखलेलं नाही. दुसऱ्या क्लबनेही तेव्हाच तोच हात तपासला होता, लोखंड आहे म्हणाले, पण त्यांचा निरोप येईपर्यंत तुमच्याकडे सही झाली होती. यावर मी सात वर्षं गप्प बसले. गप्प म्हणजे तुझ्याशी. बाकी सगळ्या बानीला सांगितलंय.

आता जे लिहायचं नाही ते.

निघताना त्या साहेबाने माझा हात धरला. दोन्ही हातांनी. आणि आपल्या भाषेत, एक एक शब्द मोजून, शाळेतल्या पोरासारखा पाठ केलेलं बोलला, "ताईंना लवकर बरं वाटो."

त्याला आपल्या भाषेत 'पाणी' म्हणता येत नाही, फाउस्तो. खीर हवी का विचारलं तर मान हलवत होता. एकच वाक्य तो पाठ करून आला होता.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीत नाही, फादरना नाही, विल्किनला तर नाहीच. राजधानीच्या हॉस्पिटलात बायकांच्या रांगेत मिरेया भेटली होती, तिने माझ्या हातातली ऑपरेशनच्या तारखेची चिठ्ठी वाचली. मी तिला म्हटलं, कुणाला बोलू नको. तिने तुला सांगितलं. बायको नवऱ्याला सांगणारच, एवढं मी धरून चालते. पण तू ऑफिसात सांगितलंस. आणि ऑफिसने पंधरा दिवसांत कागद तयार केला.

आई आजारी असलेलं पोर स्वस्तात मिळतं. हेच ना तुमचे डोळे?

मी त्याची वाटी उचलली आणि घासली. दोनदा घासली, राख लावून. साहेबाच्या गाडीची धूळ खाली बसली नव्हती अजून.

दोन दिवसांनी, सोमवारी, विल्किनचा फोन आला. मी गाड्यावर होते, तेल तापलेलं. चेहरा दाखवणारा फोन. पोराचं तोंड सुकलेलं.

"आई, मामा म्हणाला तुझं ऑपरेशन आहे. क्लब सगळ्यात चांगल्या दवाखान्यात करून देतो, वेगळी खोली, सगळं. मी सही करतोय."

डिसेंबरात हेच पोर आंब्याखाली बसून मला म्हणालं होतं, "आई, मी थांबणार. खाली ठेवू देत, बस म्हणाले तर बसेन, पण माझी किंमत मी त्यांना लावू देणार नाही." त्याचं ते बोलणं ऐकून मला वाटलं होतं, हे तरी आपल्या घरातलं कुणीतरी सरळ उभं राहिलं.

मी काय केलं माहितीय? मी फोन पपितोच्या हातात दिला, म्हटलं धर. आणि तेलाची मोठी कढई दोन्ही कानांना धरून उचलली आणि दुसऱ्या चुलीवर ठेवली. मग समोरच्या दुकानात गाणं लागलं होतं, त्यावर कंबर हलवून दाखवली. गल्ली हसली. मी म्हटलं, "ही बघ तुझी आजारी आई! थोडी साखर वाढलीय, तुझ्या मामाला सगळं वाढवून सांगायची सवय आहे. सही करायची तर कर, नाही तर नको करू, पण माझं नाव मध्ये घालू नकोस."

पोर हसलं. किती दिवसांनी हसलं.

फोन बंद झाल्यावर मी खाली बसले ती उठले नाही. पपितोने मोटरसायकलवर मागे बांधल्यासारखी घरी आणली. काळा झगा असता तर लपलं तरी असतं, पण सगळा पांढरा झगा खराब झाला होता. आता कळलं तुला कसलं दुखणं आहे ते? धाकट्या भावाला असलं लिहायचं, लाज वाटते. गर्भाशयात गाठ आहे. वाईट नाही म्हणतात, पण रक्त थांबत नाही. गर्भाशयच काढून टाकायचं.

विल्किनने सही केली नाही. काल बातमी आली, त्याला खाली पाठवलं. टीव्हीवर तुमचा कोण तो म्हणाला, थ्रो सुधारायचाय. मी टीव्हीवर चप्पल फेकली. टीव्हीला काही झालं नाही, चप्पलेचा पट्टा तुटला.

मी तुला शिव्या द्यायला हे लिहीत नाहीये. त्या मी तोंडी देते, कागद लागत नाही.

ऑपरेशन मंगळवारी आहे, राजधानीत, सरकारी हॉस्पिटलात, तिथल्या बायका ज्या खाटेवर झोपतात त्याच खाटेवर. डॉक्टरीण चांगली आहे, पोरगी आहे, पण रागावते तेव्हा आईसारखी रागावते. ती म्हणाली, तुमच्या अंगात आधीच रक्त कमी, दोन जणांचं रक्त हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. नेहमीसारखं, नातेवाइकांनी आणायचं. आणि माझं रक्त ते आईचं, ओ निगेटिव्ह. कुणाचंच जुळत नाही.

एक बाई मिळाली, चर्चमधली, पेट्रोनिला. तिचं जुळलं. दुसऱ्यासाठी मी अर्धी बानी तपासली. पपितोने न विचारता हात पुढे केला, तुम्ही फाडलेल्या खांद्याचाच हात. जुळलं नाही. इतका ओशाळला, जसं काही पुन्हा कुणी त्याला टीममधून काढलं. विल्किनचं रक्त त्याच्या बापावर गेलंय. राहिलं कोण, तू सांग.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी आपण दोघं रक्त द्यायला शेजारी शेजारी झोपलो होतो, आठवतं? तुझ्या हातात सुई घातली आणि तू डोळे मिटून मला म्हणालास, "ताई, संपलं का?" अजून सुरूही झालं नव्हतं.

मंगळवारचं हुकलं तर डॉक्टरीण पुढची तारीख थेट जुलैची देईल. तोवर मी गाड्यावर पुन्हा एकदा पडणार, कुणीतरी व्हिडिओ काढणार, पोराला दिसणार, आणि तुम्ही कागद घेऊन उभेच आहात. तेव्हा तो सही करेल. थांबायचं की बांधून घ्यायचं, ते त्याने त्याच्या मनाने ठरवावं. चुकला तर त्याचं त्याने चुकावं. माझ्या गर्भाशयावर त्याची सही नको.

म्हणून सोमवारी सकाळी सात वाजता रक्तपेढीच्या दाराशी ये. भरपेट खाऊन ये, उपाशी माणसाचं घेत नाहीत. रविवारी बिअरला हात लावू नकोस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ये, आणि त्यावर क्लबचं नाव नको. केक आणू नकोस. मिरेयाला आणलंस तर चालेल, तिने माझ्याजवळ बसावं, तोंड मात्र मिटून.

विल्किनला एक शब्द नाही. मंगळवारी मी शुद्धीवर आले की मीच फोन करीन आणि शिव्या खाईन. त्या माझ्या वाट्याच्या आहेत.

आणि ऑफिसात विचारून येऊ नकोस. त्यांना कळलं तर म्हणतील, नको जाऊस, थांब थोडा. तुला त्यांची रीत माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू एवढी वर्षं लोकांची अडचण बघून भाव पाडलास, फाउस्तो. आता माझी अडचण तुझ्यासमोर ठेवलीय, उघडी. बघायचं तेवढं बघ. आणि तरी ये.

नाही आलास तर दुसरं पत्र येणार नाही.

दुसरं कुणी शोधून मिळालं नाही म्हणून का होईना, तुझीच,
नूरिस

ता.क. चिचीच्या पिशवीत जाकिटाच्या खाली एक डबा आहे. खीर आहे. रक्त दिल्यावर गोड खायचं असतं, तेव्हा सोमवारीच उघड, आधी नको.