धनेशशेठ यांचा नंबर कुठेच नाही

१२ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला, तोच कर्ज हवंय का म्हणून फोन. मग विम्याचा. आपली माहिती दलाल विकतात म्हणे. म्हणजे आपल्याला भाव आहे. शेजारच्या हिरामणला कोण विकणार? त्याने आपल्या होमस्टेचा नंबर कंपाऊंडवर, होडीवर, माडाच्या खोडावरसुद्धा रंगवलाय. येडा.

१४ नोव्हेंबर
एका कंपनीचा वर्षाचा प्लॅन घेतला. दलालांकडून, साइटवरून, जिथे असेल तिथून नाव-नंबर पुसून देतात. दिपालीने विचारलं, पैसे कशाला घालवले? बायकोला असल्या गोष्टी समजावत बसायचं नाही, असं ठरवलं.

२० नोव्हेंबर
कंपनीचा मेल, सोबत सापडलेल्या नोंदींची यादी. यातलं काही ठेवायचंय का? त्यात आपल्या होमस्टेच्या जाहिराती पण होत्या. अर्धवट काम मला आवडत नाही. सगळं काढा म्हटलं.

२ डिसेंबर
फोन गप्प. झोप मस्त. दिपाली म्हणाली, "आता तुमाला कोन फोन करनार न्हाय. गिऱ्हाईक पन न्हाय." नाताळच्या आठवड्यावर आमचं वर्ष निघतं, हे मला काय सांगते? दर्जेदार पाहुणा शोधत येतो.

१८ डिसेंबर
दोन्ही खोल्या रिकाम्या. मंदी आहे. हिरामणकडे गर्दी, पण माणसं कसली! वाळूच्या पायांनी पलंगावर चढतात.

२१ डिसेंबर
नेटवर स्वतःला शोधलं. कुठेच नाही! अख्ख्या किहीम गावात कुणाला जमलंय हे? चौकात बॅनर लावून घेतला. 'इंटरनेटवरून नाव-नंबर कायमचा हटवल्याबद्दल धनेशशेठ यांचे हार्दिक अभिनंदन.' लग्नाआधीचा गॉगलवाला फोटो. खाली शुभेच्छांसाठी मोबाईल नंबर. त्याशिवाय बॅनर कसला?

२२ डिसेंबर
कर्ज हवंय का म्हणून परत फोन. कंपनीला कडक मेल टाकला. फसवे लेकाचे.

२५ डिसेंबर
सकाळी नाशिकच्या एका माणसाचा फोन. चौकात बॅनरखाली कुटुंबासह उभा. खोलीसाठी फोन केलाय म्हणाला. दिपालीने पटकन नवी चादर काढली. मग तो म्हणाला, खोली हिरामणदादांकडे बुक आहे, त्यांचा फोन लागत नाही, रस्ता सांगाल का?

मनाला फार लागलं. पण पोरं उन्हात होती. जाऊन घेऊन आलो. बॅगा हिरामणच्या ओटीवर नेऊन ठेवल्या. पाहुणा हिरामणला म्हणाला, तुमचा माणूस चांगला आहे हो, नाव काय याचं?

हिरामण माझ्याकडे बघत राहिला. मी नाव सांगितलं नाही. अनोळखी माणसाला आपली माहिती कशाला द्यायची?