पाण्याची गाडी

प्रिय आई,

तू जाऊन सव्वा महिना झाला. इतक्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. आज दुपारी आमच्या कारशेडमधून जुन्या विजेच्या गाड्यांपैकी शेवटची गाडी मोडीत काढायला नेली. सगळे फिटर हातातलं काम टाकून बघत उभे राहिले. मी डबा उघडून जेवत बसलो. भाजी कसली होती ते आठवत नाही. मग कारकुनाकडून हा कागद मागून आणला. तुला आलेली पत्रं दुसरं कुणी वाचून दाखवायचं, म्हणून मी कधी मनातलं लिहिलं नाही. आता ती अडचण उरली नाही.

ही गाडी आणि मी एका वयाचे, हे तुला ठाऊक होतं का गं? आपलं गाव मुळशीच्या धरणात गेलं तेव्हा मी तुझ्या कडेवर होतो. त्याच सुमाराला ह्या गाड्या विलायतेहून बोटीनं मुंबईत उतरल्या. आपल्या खोऱ्यातलं पाणी खाली कोकणात सोडून त्याची वीज होते, ती तारांवरून मुंबईला जाते आणि तिच्यावर ह्या गाड्या पळतात, एवढं तू कुणाकडून तरी ऐकलं होतंस. म्हणून तू त्यांना विजेची गाडी कधी म्हटलंच नाहीस. पाण्याची गाडी! आणि त्या गाडीत पाय ठेवायचा नाही, ही तुझी आण. त्या आणेपायी तू मुंबई पाहिली नाहीस. माझ्या मुलीच्या बारशालाही आली नाहीस.

मी रेल्वेत लागलो आणि धरणानं उठवल्यावर आपण जिथं वसलो त्या भऱ्याला पहिल्यांदा घरी आलो, तेव्हा तू चुलीपाशी विचारलंस, "तुजी गाडी कंची रं? पान्याची न्हाई न्हवं?"

"आई, वाफंच्या इंजनाला तरी पान्याबिगर कुटं चालतंय?"

तू हसलीस. "मंग व्हय," म्हणालीस आणि भाकरी थापायला लागलीस. केवढा हुशार मी! खोटं बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही. पुढं वर्षानुवर्षं घरी आलो की कोळशाच्या आणि धुराच्या गोष्टी रचून सांगायचो. धुरानं माझे डोळे जातील म्हणून तू पायाच्या तळव्यांना चोळायला तूप पाठवायचीस.

मला त्या गाड्या आवडायच्या, आई. हेच तर सांगता येत नव्हतं. रुंद, जडशीळ, थांबताना कण्हायच्या. डब्याखालच्या चार मोटारींपैकी एक बंद पडली तरी बाकीच्या तिघी गाडी ओढून आणायच्या. नव्या झकपक गाड्या आल्या तेव्हा सगळे तिकडं गेले. मी जुन्यांपाशीच राहिलो.

पहिली जुनी गाडी मोडली तेव्हा साहेबांना विचारून तिच्या बाकाच्या दोन सागवानी फळ्या घेतल्या आणि तुला पाट करून आणला. "जुन्या डब्याचा हाय," एवढंच म्हणालो. तू रोज त्या पाटावर बसून जेवलीस.

तुझ्या तेराव्याला पाहुणे गेल्यावर चंद्री भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, पाट कशाचा हाय ते आईला ठावं व्हतं. वरच्या आळीतला शिरपा तुज्याच शेडात हाय न्हवं? त्यानं बगताच सांगितलं."

"मग?"

"मग काय! आईनं पाट उचलून भायेर टाकला. दोन दिस तितंच पडला. तिसऱ्या दिशी धुतला, न् आत आणला. म्हनली, गाव गेलं ते गेलं, माजं पोर ह्याच्यावर जेवतंय. न् मला आन घातली, दादाला सांगू नगं, त्येला लाज वाटंल."

मी "बरं" म्हणालो. चंद्री माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

मग बोलली का नाहीस गं? मी थापा मारायचो आणि तू ऐकून घ्यायचीस! सगळं कळल्यावरही तूप कशाला पाठवत राहिलीस? पाटावर बसलीस तेव्हा आण मोडलीच होतीस, मग त्यानंतर बारशाला यायला काय झालं होतं? की पाण्याच्या गाडीनं ये, असं मी कधी उघड बोलावलंच नाही, म्हणून आली नाहीस? हे मात्र मला बोचतंय. बाकी सगळं बधिर आहे.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आपल्या घराचं जोतं उघडं पडतं. दरवर्षी तू तिथं नारळ फोडायला जायचीस, चल म्हणायचीस, आणि मी रजा नाही म्हणायचो. ह्या वैशाखात येईन. तुझा पाट त्या जोत्यावर मांडीन आणि समोर मातीत बसेन. तू विचारायचं ते कधीच विचारून ठेवलंयस. ह्या खेपेला सरळ उत्तर देईन.

पान्याची हाय, आई. पान्याचीच व्हती.

तुझा,
बाळू