पायरीवरची टोपली

प्रिय दिव्या,

मिनलच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. फोनवर माझं तोंड उघडत नाही, आणि उघडलं की भलतंच बोलून जाते, हे तुला माहीत आहे. तुला दिवस गेल्याचंही तिनंच सांगितलं, त्याला दोन महिने झाले. लेकीची बातमी शेजारणीच्या पोरीकडून कळावी, ही माझीच करणी.

तुला नाळीची भाजी खावीशी वाटते म्हणे. तुमच्या मारुंजीत कुठली मिळायला! आपल्या मळ्यातल्या ओढ्यात नुसती पसरलेली असायची. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून शेंडे खुडायची आणि तू काठावर बसून पोकळ देठांतून फुंकर मारायचीस. लसूण, हिरवी मिरची, मूठभर मूगडाळ, बास. तुझे बाबा एक भाकरी जास्त खायचे. आता मळ्यावर बारा मजले उभे आहेत आणि त्यांचं सांडपाणी ओढ्यात उतरतं. भाजी अजून येते, मेली चांगली तरारते, पण म्हशीसुद्धा तोंड लावत नाहीत.

तुझी बातमी कळली त्याच दिवशी तिथले चार दांडे आणून गॅलरीत घमेल्यात लावले. चिखल विकतचा, पाणी बोअरचं. पेरापेराला मुळं फुटली. पहिल्या दोन खेपांची पानं टाकून दिली. तिसऱ्या खेपेपासून मीच खाते आहे, पंधरा दिवस झाले. पोटुशीला आधी कशी देऊ?

तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तू नागसेनला भाजीसाठी पाठवलं होतंस. चाकणची शिफ्ट सुटल्यावर गाडीवरून आला होता बिचारा. मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणाले, "ओढ्याचं पाणी नासलंय. भाजी न्हाई राहिली." ते खोटं होतं, दिव्या. ताजी खुडलेली भाजी पायरीवर टोपलीत होती, त्याच्या पायाशीच, अजून निथळत होती. त्यानं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं, आई," म्हणाला आणि गेला. तुझे बाबा आतून ओरडले, "आगं, पोरीला एक जुडी द्यायला काय जातंय तुझं?" माझं काय जात होतं? मी जावई पाहिलाच नाही, त्याची जात पाहिली. ओढा पुढे दोन वर्षांनी खरंच नासला.

परवा मिनल सहज बोलून गेली की दिव्याला अजून वाईट वाटतं, नेमका तिच्या लग्नाच्या वर्षीच आईचा ओढा खराब झाला. म्हणजे सहा वर्षांत त्यानं तुला टोपलीचं सांगितलंच नाही. मी त्याला दारातून परत पाठवलं आणि त्यानं तुझ्यापाशी माझी अब्रू राखली. मला ती आता ठेववत नाही, म्हणून लिहिलं. सोबत एक जुडी दिली आहे. चिठ्ठी वाचून झाली की जुडी आधी त्याच्या हातात दे. तो म्हणाला तर शिजव. नाही म्हणाला तर टाकून दे, मला काही विचारू नकोस.

तुला म्हणवत असेल तर,
तुझीच आई